तेलकट त्वचा आणि लेसच्या टोपाची चिकटपट्टी

नाटकातील टोप आणि आजचा लेसचा टोप यांत मोठा फरक आहे. रंगभूषाकार नटाच्या टोपाची कडा स्पिरिट गमने चिकटवितो. प्रयोग संपला, की टोप पेटीत जातो. लेसचा टोप, म्हणजे बाजारात ज्याला हेअर पॅच म्हणतात तो, मात्र दिवसरात्र डोक्यावर राहावा अशी अपेक्षा असते. मनुष्य तो घालून कचेरीत जातो, गर्दीच्या गाडीत उभा राहतो, झोपतो आणि स्नानही करतो. चाई पडल्यामुळे किंवा वंशपरंपरेने टक्कल आल्यामुळे ज्यांना तो वापरावासा वाटतो, त्यांच्या दृष्टीने कपाळावरची कडा भर दुपारी सुटणे ही साधी गैरसोय नव्हे. चारचौघांत जाण्याचे त्यांचे धैर्य त्या बोटभर पट्टीवर अवलंबून असते. त्यामुळे एकदा कडा सुटली, की पुढच्या वेळी दुकानातील सर्वांत जोरकस टेप मागितली जाते. त्वचा तेलकट असेल, तर ही निवड बहुधा चुकते. ती का चुकते, हे समजण्यासाठी प्रथम त्वचेकडे पाहिले पाहिजे.

मनुष्याच्या चेहऱ्यावर व शिरोभागी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. हातापायांच्या त्वचेवर त्या याहून पुष्कळच कमी, आणि तळहात व तळपाय यांवर तर मुळीच नसतात. म्हणजे निसर्गाने जेथे सर्वांत अधिक तेल दिले, नेमके तेथेच टोप चिकटवावयाचा असतो. या ग्रंथींतून पाझरणाऱ्या स्रावात निम्म्याहून अधिक भाग मेद व मेदाम्ले यांचा, सुमारे चौथाई भाग मेणासारख्या द्रव्यांचा आणि सुमारे आठवा भाग स्क्वालीन या तेलाचा असतो. हेच स्क्वालीन जपानी रसायनज्ञ मित्सुमारु त्सुजिमोतो यांना १९०६ साली शार्क माशाच्या यकृताच्या तेलात आढळले होते. शार्कचे तेल कपाळावर चोळून वर टेप लावण्याचा विचार कोणी करणार नाही. परंतु कपाळ स्वतःच अल्प प्रमाणात तेच करीत असते.

हा स्राव उष्णतेने वाढतो. त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता स्राव सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, असे ब्रिटिश त्वचावैद्यांनी १९७० साली दाखविले. जी टेप डिसेंबरात दिल्लीला आठवडाभर टिकते, तीच मे महिन्यात मुंबईला किंवा चेन्नईला तीन दिवसांत का सुटते, याचे उत्तर अंशतः येथे आहे. उरलेले घामात आहे.

आता टेपकडे वळू. खळ किंवा डिंक वाळून घट्ट होतो व त्यामुळे चिकटतो. टेपवरील द्रव्य कधीच वाळत नाही. ते इतके मऊ असते, की थोड्या दाबाने त्वचेच्या बारीक खाचांत पसरते. आणि इतके घट्ट असते, की ओढले असता सहज तुटत नाही. अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली मोटारी रंगविणाऱ्यांसाठी जी कागदी टेप तयार केली, तिचे तत्त्व हेच होते. मऊपणा व घट्टपणा यांचा हा समतोल तेल दोन प्रकारे बिघडविते. त्वचेवर तेलाचा थर आधीच असेल, तर टेप त्वचेला चिकटतच नाही, तेलाला चिकटते. आणि त्वचा स्वच्छ असली, तरी नंतर पाझरलेले तेल हळूहळू चिकट द्रव्यात मुरते व त्याला अधिकाधिक पातळ करते.

येथे द्रव्याची जात महत्त्वाची ठरते. जुन्या पद्धतीच्या टेपांत रबर व राळ यांचे मिश्रण असते. अशी टेप लावताक्षणी घट्ट बसते आणि म्हणून ग्राहकाला आवडते. परंतु रबर तेलात फुगते व विरघळू लागते. ॲक्रिलिक जातीच्या द्रव्याची रेणुरचना तेलाशी सहज मिसळणारी नसल्यामुळे ते तेलापुढे अधिक काळ टिकते. ते आरंभी किंचित मंद वाटते, पण पुढील चोवीस तासांत त्याची पकड वाढते. यास्तव या अवधीत डोके धुऊ नये व घाम येईल असे श्रम टाळावेत. सिलिकोनचे द्रव्य त्वचेला सर्वांत सौम्य असले, तरी त्याची पकड बेताची असते व तेलकट कपाळावर ती पुरत नाही. तेव्हा तेलकट त्वचेसाठी ॲक्रिलिकची टेप घ्यावी, एवढे निःशंकपणे सांगता येते. वेष्टनावर द्रव्याची जात लिहिलेली नसेल, तर विक्रेत्याला विचारावी. पाठीमागचा कागद निळा आहे की तांबडा, यावरून काही ठरत नाही.

लेसमुळे आणखी एक अट येते. लेस म्हणजे जाळी. पातळ झालेले द्रव्य तिच्या छिद्रांतून वर येते, केसांच्या मुळाशी चिकटते आणि कपाळावर चकाकू लागते. म्हणून कडेसाठी टेप पातळ व चमकरहित असावी. जाड, मऊ टेप अधिक धरते हे खरे. पण जाळीतून वर येते तीही तीच.

यानंतरचा प्रश्न मुदतीचा. काही टेपा चार आठवडे टिकतात असे सांगून विकल्या जातात. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर मात्र साधारणतः दोन आठवड्यांत बदलतो. टेप आपल्या जागी राहिली, तरी ती ज्या पेशींना धरून आहे त्या पेशीच सुटत जातात. मध्यंतरी तेल, घाम व मृत पेशी यांचा लगदा टेपखाली साचतो. त्वचेवर नित्य वास करणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी याच तेलावर जगते. खाज, कोंडा व केसांच्या मुळांशी पुटकुळ्या हे त्याचे परिणाम होत. तेलकट त्वचेवर मध्यम पकडीची टेप तीन-चार दिवसांनी बदलणे हे महिनाभर टिकणाऱ्या टेपेपेक्षा अधिक शहाणपणाचे आहे. त्यात वेळ जातो, पैसाही थोडा अधिक जातो. पण दर खेपेस त्वचेला पाणी व वारा लागतो.

आपली टेप का सुटली, हे काढलेल्या टेपवरूनच वाचता येते. टेप स्वच्छ निघाली व त्वचा नुसती तुळतुळीत दिसली, तर लावण्यापूर्वीची सफाई अपुरी होती. चिकट द्रव्याचे तंतू लेसवर व त्वचेवर दोन्हीकडे राहिले, तर तेलाने ते द्रव्य पातळ केले. तेथे टेपची जात बदलावयास हवी. टेपवर पांढरट पापुद्रे आले, तर ती फार दिवस ठेवली गेली.

सफाई साधीच आहे, परंतु धीराने करावी लागते. प्रथम कंडिशनर नसलेल्या शांपूने धुऊन त्वचा पूर्ण कोरडी करावी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडेची जागा पुसावी व ते उडून जाईपर्यंत थांबावे. हे द्रव्य पेट घेणारे असल्यामुळे जवळ निरांजन, शेगडी वा सिगारेट नसावी. त्यानंतर त्वचासंरक्षक द्रवाचा पातळ लेप द्यावा, तो वाळू द्यावा, आणि मग टेप लावून बोटाने नीट दाबावी. पट्ट्यांमध्ये फट राहू नये, तशाच त्या एकमेकींवर चढूही नयेत. खोबरेल तेल, क्रीम वा उन्हाचा लेप कडेपासून दूर ठेवावा.

अशा पुसण्याने ग्रंथी चवताळून अधिक तेल सोडतात, हा समज अजूनही ऐकू येतो. १९४० च्या दशकात तो शास्त्रीय मत म्हणूनही मांडला गेला होता. क्लिग्मन व शेली या अमेरिकन त्वचावैद्यांनी १९५८ साली तो खोडून काढला: तेल पुसले काय किंवा ठेवले काय, ग्रंथी आपल्या गतीने स्रवत राहतात. अर्थात वारंवार पुसल्याने त्वचा कोरडी व हुळहुळी होते, ती गोष्ट निराळी.

नवी टेप प्रथमच वापरताना तिचा लहान तुकडा हाताच्या आतल्या बाजूस दोन दिवस लावून पाहावा. राळेची व ॲक्रिलिक द्रव्यांतील काही घटकांची ॲलर्जी त्वचावैद्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेल्यांची त्वचा अनेकदा नाजूक झालेली असते. त्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून टेप लावू नये, मऊ अस्तराचा पूर्ण टोप त्यांना अधिक सोयीचा.

टेप काढताना ती कधीही ओढू नये. ओढलेल्या टेपबरोबर त्वचेचा वरचा थर निघतो आणि कपाळावर ओला व्रण राहतो. येथे तेलच कामास येते. कडेला खोबरेल सोडून दहा मिनिटे थांबावे. ते द्रव्यात मुरते आणि टेप आपण होऊन सैल पडते. संत्र्याच्या सालीच्या अर्कापासून बनविलेले द्रव अधिक त्वरेने काम करतात. मात्र बाटली उघडून बराच काळ लोटला, तर हवेशी संयोग होऊन त्यातील लिमोनीन त्वचेला ॲलर्जी आणणारे बनते. अशी जुनी बाटली टाकून द्यावी. काढल्यावर त्वचा लाल दिसली, तर एक रात्र तरी ती उघडी ठेवावी; लाली ओसरली नाही किंवा पाणी सुटू लागले, तर टेप बंद करून त्वचावैद्यांस दाखवावे. ज्यांचे कडेचे केस शाबूत आहेत, त्यांना त्या दिवसांत केसांत अडकविण्याच्या क्लिपांवर टोप बसविता येतो.