आजी विकते काय आणि रोज खाते काय?

उन्हाळा लागला की आपल्या वस्त्यांमधून, गच्चीवर आणि अंगणात वाळवणे पडतात. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, मसाल्याच्या मिरच्या. बचत गटाच्या आधाराने याच वाळवणांवर, चटण्यांवर आणि काळ्या मसाल्यावर आपल्यातील कितीतरी आज्या आज चार पैसे कमावतात. काही गटांचा माल मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत पोहोचतो. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेल्या बाईच्या हाती उतारवयात स्वतःचा गल्ला येतो, ही लहान गोष्ट नाही.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र आम्हाला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आजी जे विकते, ते ती स्वतः रोज खात नाही. तिच्या ताटात भाकरी असते, हुलगा किंवा डाळ असते, पालेभाजी असते आणि कडेला चटणी. पापड-कुरडई सणासुदीला किंवा पाहुणा आला तर. नव्या पिढीचे नेमके उलट झाले आहे. पाकिटातले रोज आणि भाकरी कधीतरी. घराघरात मधुमेह, रक्तदाब आणि बायकांमध्ये रक्तक्षय वाढत असताना आजीचे ताट नीट पाहणे गरजेचे आहे.

भाकरी

100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नसतात. तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते, पोट भरलेले राहते आणि साफही होते. बाजरीत लोह तांदळापेक्षा कितीतरी पट अधिक असते. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होतात, तेव्हा नाचणीची आंबील फार उपयोगी पडते. पीठ आंबवल्याने धान्यातील लोह शरीराला अधिक मिळते, म्हणून आंबील ही केवळ गरिबाची सोय नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्वारीची भाकरी चांगली, म्हणून मधुमेह असलेल्याने कितीही खावी असे नाही. भाकरीतही पिष्ट असतेच. भाकरी मोजून घ्यावी आणि भाजी-डाळ वाढवावी.

हुलगा आणि मोड

हुलग्याचे माडगे पूर्वी थंडीत, बाळंतिणीला, कामावरून दमून आलेल्याला दिले जाई. हुलग्यात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणले की ते पचायला हलके होतात आणि त्यांतले लोह अधिक लागू पडते. महागड्या प्रथिनांच्या डब्यापेक्षा मोडाची उसळ घराला परवडते.

पालेभाजी आणि वर लिंबू

शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ, अंबाडी, विदर्भात पहिल्या पावसानंतरचा तरोटा. यातल्या कितीतरी भाज्या बांधावरून खुडून आणलेल्या, विकत न घेतलेल्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील अशा खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. टंचाईतून आलेले हे अन्न म्हणून पुढच्या पिढीला त्याची लाज वाटू लागली. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

भाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे किंवा सोबत पेरू, आवळा खावा. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडे लोह त्यातूनही उतरते. याउलट जेवणाला लागून चहा घेतला तर लोह शोषले जाण्यास अडथळा येतो. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

चटणी, सुकट, काळीज

जवसाच्या चटणीत हृदयाला उपकारक अशी ओमेगा-3 स्निग्धे असतात. जवस भाजून कुटलेलाच खावा. अख्खा गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. कारळ आणि तीळ यांतून कॅल्शियम मिळते. सुकट काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे तीही हाडांना चांगली. मात्र खारवलेली असेल तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्यावी. मांसाहार करणाऱ्या घरात अधूनमधून काळीज असावे. मांसातले लोह भाजीतल्यापेक्षा लवकर लागू पडते.

विकायचे ते बेताने

पापड, लोणचे, सांडगे टिकतात ते मीठ, तेल आणि वाळवण यांच्या बळावर. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातूनही सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. यात भाजी, चटणी, लोणचे, फरसाण सगळे आले. रक्तदाब असलेल्यांनी पापड रोज घेऊ नये. घेतला तर भाजून घ्यावा. आपल्याच गटाचा माल असला तरी हा नियम बदलत नाही.

आजीचे काय घेऊ नये

घरातल्या मोठ्यांचे सांगणे जुने आहे म्हणून खरे ठरत नाही. ते पारखूनच घ्यावे. ‘साखर नको, गूळ चालतो’ हे मधुमेहात चुकीचे आहे. गुळानेही रक्तातील साखर वाढते. मिश्री लावल्याने दात बळकट होतात हाही गैरसमज. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विदर्भात आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. वारंवार रक्त चढवले असेल तर शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

सर्वांत घातक सवय मात्र कोणाला सवय वाटतच नाही. आजी सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर डाळ तळाला गेलेली असते, भाजी संपलेली असते. उरते भाकरी, ठेचा आणि चहा. जिने साऱ्या घराला आणि गिऱ्हाइकांनाही चवीचे खाऊ घातले, तिच्याच अंगात रक्त नसते. तिची सून तेच शिकते आणि पुढे नातही. आजीच्या पाककृती उतरवून घेताना ही रीत उतरवून घेऊ नये.

यासाठी खर्च लागत नाही. घरात सर्वांनी एकत्र बसावे, किंवा वाढायच्या आधी स्वयंपाक करणारीचे ताट बाजूला काढावे, त्यात डाळ आणि भाजी पुरेशी असावी. वर्षातून एकदा तिचे हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावा. महिला मंडळांनी बैठकीत हिशेबाच्या वहीबरोबर ही तपासणीची नोंदही ठेवावी. गल्ल्यात पैसे किती जमले हे जसे आपण विचारतो, तसेच आजी आज काय जेवली हेही विचारावे.