बिनलिलावाचा भाव

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेने उभ्या राहिल्या की व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीशी थांबत पुढे सरकतो. कोणी कडेवर पाय देऊन वर चढतो, वरचा थर हाताने बाजूला सारतो आणि आतला माल उपसून बघतो. वर टपोरा माल, खाली गोल्टी, हा डाव त्याने हजारदा पाहिलेला असतो. दोन-चार बोल्या होतात, भाव पुकारला जातो, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. १९४७ साली सुरू झालेल्या या समितीचे किमान, कमाल आणि सरासरी दर संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर पोचलेले असतात. भाव पटतोच असे नाही. व्यापारी आपसात ठरवून बोली लावतात, ही तक्रारही जुनीच. तरी एक गोष्ट खरी, की भाव चारचौघांसमोर ठरतो.

इथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरच्या मुंबईत एका संस्थेने तब्बल ३७ वर्षे आपल्या मालाचा भाव आपल्याच कचेरीत ठरवला. लोकांनी तो बिनतक्रार मानला, कारण तो दरवर्षी वाढत होता. ती संस्था म्हणजे युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया. आज तिच्याच वारसदार कंपनीत बाल्टिमोरच्या टी. रो प्राइस या जगड्व्याळ गुंतवणूक कंपनीचा मोठा हिस्सा आहे. एवढी मजल मारण्याआधी तिला एकदा मोडावे लागले.

१९६३ अखेर संसदेने कायदा केला, १ फेब्रुवारी १९६४ रोजी ट्रस्ट अस्तित्वात आला. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी, पहिले अध्यक्ष आर. एस. भट. पाच कोटींचे सुरुवातीचे भांडवल. त्यातले निम्मे रिझर्व्ह बँकेचे, बाकीचे स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि इतर बँका-वित्तसंस्थांचे. १ जुलै १९६४ रोजी पहिली योजना आली, ‘युनिट स्कीम ६४’. युनिट दहा रुपयांचे. पहिल्या वर्षीचा लाभांश ६.१ टक्के. शेअरबाजार म्हणजे सट्टा अशी मध्यमवर्गाची पक्की समजूत होती. ज्याला शेअर कळत नाही त्याचे थोडेथोडे पैसे गोळा करायचे, जाणकारांनी ते रोखे आणि शेअरमध्ये लावायचे, आलेला नफा वाटून द्यायचा, एवढा साधा मामला. शिवाय नावामागे सरकार उभे होते. त्यामुळे ‘युनिट’ हा शब्द घराघरात मुदतठेवीच्या पंगतीला जाऊन बसला. घोटाळ्याचे बी तिथेच पडले, कारण मुदतठेवीची किंमत रोज बदलत नाही आणि शेअरची बदलते.

ऐंशीच्या दशकात एम. जे. फेरवानी अध्यक्ष झाले आणि ट्रस्टचा नूर पालटला. १९८६ मध्ये ‘मास्टरशेअर’ ही निव्वळ शेअरमध्ये गुंतवणारी योजना आली. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांसाठीचा ‘इंडिया फंड’ लंडनच्या बाजारात नोंदला गेला, १९८८ मध्ये ‘इंडिया ग्रोथ फंड’ न्यूयॉर्कला पोचला. भारताची दारे उघडायला अजून तीन वर्षे बाकी होती! १९८८ अखेर ट्रस्टकडे ६,७०० कोटी रुपये होते. १९८७ पर्यंत या धंद्यात देशात दुसरे कोणी नव्हतेच.

स्पर्धा आल्यावर ‘युनिट ६४’ चमकदार दिसणे भाग पडले. नव्वदच्या दशकात लाभांश २६ टक्क्यांपर्यंत गेला. निम्म्याहून अधिक पैसा शेअरमध्ये गेला, पण युनिटचा खरेदी-विक्रीचा दर मात्र ट्रस्टच ठरवत राहिला. जुलैत कमी, मग महिन्यागणिक थोडा वर. योजनेकडच्या शेअरची आजची बाजारकिंमत किती, हे युनिटधारकाला कधी सांगितले जात नसे. सेबीचे नियम इतर फंडांना होते; ‘युनिट ६४’ स्वतःच्या कायद्याच्या आडोशाला.

निफाड तालुक्यातल्या कोणाही शेतकऱ्याला यातली गोम सांगावी लागणार नाही. एप्रिलात चाळीत भरलेला उन्हाळ कांदा ऑगस्टात वजनाला घटतो, काही सडतो, काही कोंब धरतो. भरताना डायरीत काय आकडा लिहिला याला मग अर्थ राहत नाही. आज चाळीत किती क्विंटल चांगला माल आहे आणि आजच्या लिलावात काय भाव निघाला, एवढाच हिशोब. ‘युनिट ६४’ डायरीतला आकडा वाचून दाखवत होती.

१९९८ च्या जूनअखेर योजनेची गंगाजळी उणे निघाली. दीपक पारेख समितीने बाजारभावाशी जोडलेल्या किमतीकडे जाण्याचा रस्ता आखून दिला. त्या रस्त्याने चालणे मात्र लांबत गेले. एप्रिल-मे २००१ मध्ये चार हजार कोटींहून अधिक रुपये बाहेर गेले. बाहेर पडणारे प्रामुख्याने कंपन्या-संस्थांसारखे बडे गुंतवणूकदार होते. युनिटचे खरे मूल्य दर्शनी दहा रुपयांच्याही खाली असताना त्यांना चौदा रुपयांच्या वर दर मिळाला. वरचा फरक कोणाच्या खिशातून गेला? जे मागे राहिले त्यांच्या. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने युनिटची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली आणि सुमारे दोन कोटी युनिटधारकांना धक्का बसला. अध्यक्ष पी. एस. सुब्रमण्यम पायउतार झाले, एम. दामोदरन आले. संयुक्त संसदीय समितीने चौकशी केली. सरकारने पाच हजार युनिटांपर्यंत बारा आणि त्यावरच्या युनिटांना दहा रुपयांची हमी दिली.

फेब्रुवारी २००३ मध्ये ट्रस्टचे दोन तुकडे झाले. हमीच्या योजना आणि त्यांची मालमत्ता सरकारी देखरेखीच्या ‘निर्दिष्ट उपक्रमा’कडे गेली; बाजारभावावर चालणाऱ्या योजना यूटीआय म्युच्युअल फंडाकडे. त्याचे प्रायोजक स्टेट बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि आयुर्विमा महामंडळ. टी. रो प्राइसने २६ टक्के हिस्सा घेतला तो २०१० च्या सुरुवातीला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये यूटीआय मालमत्ता व्यवस्थापन कंपनीचे शेअर बाजारात आले.

आता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीत जे चालते ते सेबीच्या चौकटीत. शेअर आणि रोखे कंपनीच्या तिजोरीत नसतात, वेगळ्या अभिरक्षकाकडे असतात. वर विश्वस्तांची नजर. साडेतीनला बाजार बंद झाला की प्रत्येक शेअरचा बंद भाव धरून बेरीज होते, देणी वजा होतात, उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की त्या दिवसाचे निव्वळ मालमत्ता मूल्य. सर्वसाधारण योजनांचे मूल्य रात्री अकराच्या आत जाहीर करावे लागते. कंपनीची कमाईही याच हिशोबातून रोज कापली जाते. फंड हजार कोटींचा आणि वार्षिक खर्च एक टक्का धरला तर दिवसाला सुमारे २ लाख ७४ हजार रुपये. फंड वर जावो की खाली. गुंतवणूकदाराला पावती वेगळी मिळत नाही, म्हणून बहुतेकांना ती वजावट दिसत नाही. लासलगावात शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी तरी येते. मला विचाराल तर या धंद्याने बाजार समितीकडून अजून एवढे शिकायला हवे.

मोडलेल्या अर्ध्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. मे २००३ मध्ये ‘युनिट ६४’ बंद झाली. पैसे नको असलेल्यांना ६.७५ टक्के करमुक्त रोखे मिळाले. सेन्सेक्स तेव्हा तीन हजारांच्या आसपास होता. जानेवारी २००८ मध्ये तो एकवीस हजारांना शिवला. निर्दिष्ट उपक्रमाकडे आयटीसी, लार्सन अँड टुब्रो आणि यूटीआय बँकेचे, म्हणजे आजच्या ॲक्सिसचे, शेअर पडून होते. मार्च २०१४ मध्ये ॲक्सिसचे सुमारे ९ टक्के शेअर विकून साडेपाच हजार कोटींच्या आसपास आले, फेब्रुवारी २०१७ मध्ये आयटीसीचे २ टक्के विकून सुमारे ६,७०० कोटी. सारे केंद्र सरकारच्या तिजोरीत. हमी देऊन धोका सरकारने पत्करला होता, तेव्हा हक्कही त्याचाच. पण हे शेअर ज्यांच्या दहा-दहा रुपयांतून घेतले गेले होते, ते दहा-बारा रुपयांवर समाधान मानून केव्हाच घरी गेले होते.