इराणी मांजराची ओळख

मांजर हा प्राणी कोणास ठाऊक नाहीं? परंतु रेशमासारख्या लांब केसांचें, वाटोळ्या तोंडाचें व झुबकेदार शेपटीचें इराणी अथवा पर्शियन मांजर पाहिलें, म्हणजे थोरामोठ्यांसही त्याचें कौतुक वाटतें. हें रूप त्यास कसें मिळालें, व त्याची किंमत कोण देतें, हें पाहणें बोधप्रद आहे.

पुढें सुरत व गोवें पाहून गेलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यानें १६२० च्या सुमारास इराणांतून लिहिलेल्या पत्रांत, खोरासान प्रांतांतील लांब केसांच्या मांजरांचें वर्णन केलें आहे. १८७१ मध्यें लंडन येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर यांनीं मांजरांचें प्रदर्शन भरविलें. त्यांत पर्शियन मांजरेंही होतीं. त्यानंतर पाश्चात्य हौशी लोकांनीं जोड्या निवडून निवडून ही जात वाढविली. त्यामुळें आनुवंशिक तपासणींत आजचें इराणी मांजर पश्चिम युरोपांतील मांजरांचेंच जवळचें नातलग ठरलें आहे. नांव राहिलें, रक्त बदललें!

लांब केस हा सुप्त गुण आहे. तो आई व बाप या दोघांकडूनही आला, तरच पिल्लांत प्रगट होतो. त्या केसांस रोज फणी करावी लागते. नाहीं तर जटा होऊन कातडी ओढली जाते.

पूर्वीं या मांजराचें नाक बेताचें पुढें आलेलें असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र चपटें तोंड हेंच सौंदर्याचें लक्षण मानलें जाऊं लागलें. परिणाम असा झाला कीं, अशा कित्येक मांजरांस मोकळा श्वास घेतां येत नाहीं, त्यांच्या डोळ्यांतून सारखें पाणी वाहतें व दांतही वेडेवांकडे येतात. शिवाय मूत्रपिंडांत द्रवाच्या गांठी वाढण्याचा रोग या जातींत आढळतो. आईबापांपैकीं एकासच तो असला, तरी सुमारें निम्म्या पिल्लांत तो उतरूं शकतो. २००४ मध्यें त्याचें आनुवंशिक कारण सांपडल्यामुळें, आतां तपासणी करून अशा मांजरांची वीण टाळतां येते.

बालमित्रांनो, असें मांजर घरीं आणावयाचें झाल्यास, त्याच्या आईबापांची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें वडिलांकरवीं अवश्य विचारून घ्या. आणि फार चपट्या तोंडाच्या पिल्लाचा मोह टाळा. मुक्या प्राण्यास आपलें दुःख सांगतां येत नाहीं. आपल्या हौसेपायीं त्याचा श्वास कोंडूं नये, एवढी दया तरी परमेश्वरानें बुद्धि दिलेल्या माणसानें दाखविली पाहिजे.