धनुष्यबाण, हरीण आणि गोचीड

वॉशिंग्टनला लागून असलेल्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत सप्टेंबर लागला, की अनेक सार्वजनिक उद्यानांत ठळक रंगाच्या सूचनांचे फलक दिसू लागतात. या उद्यानात हरणांची धनुष्यबाणाने शिकार सुरू आहे, असे त्यांवर लिहिलेले असते. उद्यान मात्र बंद नसते. लोक पायवाटेवरून फिरत असतात, कुत्र्यांना फिरवून आणत असतात. आत झाडीत, उंचावर बांधलेल्या मचाणावर एखादा शिकारी पहाटेपासून हालचाल न करता बसलेला असतो. हा क्रम फेब्रुवारीपर्यंत चालतो.

भारतीय वाचकाला हे चित्र चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ किंवा सांबर मारणे हा गुन्हा आहे. तिथे मात्र स्थानिक प्रशासनच भरवस्तीतल्या जंगलात शिकाऱ्यांना बोलावते. त्यामागे रस्त्यावरचे अपघात आहेत, जंगलाचे आरोग्य आहे आणि माणसांचेही. यातल्या शेवटच्या कारणाचा, म्हणजे गोचिडींमुळे होणाऱ्या आजारांचा, शिकारीने खरोखर किती बंदोबस्त होतो, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

पाच लाखांवरून तीन कोटी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाखांच्या आत उरली होती. मांस आणि कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने त्यांचा जवळजवळ फडशा पाडला होता. पुढे बाजारासाठीची शिकार बंद झाली, संरक्षण मिळाले, ओसाड पडलेल्या शेतजमिनींवर पुन्हा जंगल वाढले. आज ही संख्या तीन कोटींच्या घरात आहे. पूर्वेकडच्या राज्यांतून लांडगे आणि प्यूमा कधीच नाहीसे झाले होते. त्यातच उपनगरे पसरली. बंगल्यांच्या बागा, हिरवळ आणि मधूनमधून झाडी ही हरणांसाठी आदर्श जागा ठरली. खायला भरपूर आणि मारणारे कोणी नाही.

फेअरफॅक्सच्या नियोजनानुसार चौरस मैलामागे १५ ते २० हरणे असणे योग्य. प्रत्यक्षात तिथल्या अनेक उद्यानांत ४० ते १००, काही ठिकाणी त्याहूनही जास्त हरणे आढळली. इतकी हरणे असली, की जंगलात नवी रोपे टिकत नाहीत. मोठी झाडे उभी असतात, पण त्यांच्याखाली झुडपांचा थरच राहत नाही आणि त्या थरात घरटी करणारे पक्षीही निघून जातात. १९९७मध्ये हरणाची धडक बसून झालेल्या एका वाहन अपघातात मृत्यू झाला आणि त्यानंतर काउंटीने हरीण नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. काही उद्यानांत रात्री पोलिसांचे नेमबाज हे काम करतात. २००९-१०पासून मात्र धनुर्धारी स्वयंसेवकांवर मोठी भिस्त आहे.

बाणच का?

वस्तीजवळ बंदुकीची गोळी धोक्याची असते. नेम चुकला, तर रायफलची गोळी मैलभरही जाऊ शकते. बाणाची शिकार साधारण २० ते ३० मीटरच्या आतून होते. शिवाय शिकारी मचाणावरून खाली नेम धरतो, त्यामुळे चुकलेला बाण जमिनीत रुततो. फेअरफॅक्समध्ये शिकाऱ्याची पोलीस नोंद तपासली जाते, नेमबाजीची परीक्षा घेतली जाते आणि मचाणावरूनच शिकार करण्याची सक्ती असते. व्हर्जिनियात १९५९पासून अशा नोंदी ठेवल्या जातात. हरणाची शिकार करणाऱ्या धनुर्धाऱ्याच्या बाणाने वाटसरू जखमी झाल्याची एकही घटना त्यांत नाही. धोका असतो तो शिकाऱ्यालाच. मचाणावरून पडून पाठीचा कणा, पाय मोडणे ही या छंदातली नेहमीची दुखापत आहे. म्हणूनच जमिनीवरून पाय उचलल्यापासून खाली उतरेपर्यंत सुरक्षापट्टा बांधून ठेवायला शिकवले जाते.

आजचे धनुष्यही जुन्या धनुष्यासारखे राहिलेले नाही. १९६०च्या दशकात होलिस विल्बर ॲलन या अमेरिकी माणसाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसवल्या. अशा धनुष्याची दोरी सुरुवातीला ताकद लावून ओढावी लागते, पण पूर्ण ताणली की हातावरचा भार एकदम हलका होतो. त्यामुळे शिकाऱ्याला थांबून, शांतपणे नेम धरता येतो.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याच्या टोकाला धारदार पाती असतात. ती फुप्फुसातून किंवा हृदयातून आरपार गेली, की वेगाने रक्तस्राव होतो आणि हरीण थोडे अंतर पळून काही सेकंदांत कोसळते. नेम तिथेच लागला पाहिजे, ही यातली मोठी अट. मेरीलँडमधील नौदलाच्या एका तळावर शिकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांत बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे हाती लागली नाहीत. विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो खोटा नाही.

गोचिडीचा हिशेब

आता आजाराकडे. १९७५च्या सुमारास कनेक्टिकटमधील लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांना एकाच वेळी सांधेदुखी झाल्याचे लक्षात आले. त्यावरून ‘लाइम’ हे नाव पडले. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने गोचिडीत त्याचा जिवाणू शोधला. आज अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ४,७६,००० लोकांचे लाइमचे निदान होऊन उपचार होतात.

हा आजार पसरवणाऱ्या गोचिडीला बोलीभाषेत ‘हरिण-गोचीड’ म्हणतात. पण तिला जिवाणू हरणाकडून मिळत नाही. गोचिडीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी बहुधा उंदरासारख्या छोट्या प्राण्याचे रक्त पिते आणि तिथेच तिला जिवाणू मिळतो. पुढच्या वर्षी ती खसखशीच्या दाण्याएवढी होते. याच अवस्थेत ती माणसाला सर्वाधिक आजारी करते, कारण ती दिसतच नाही. प्रौढ झाल्यावर मात्र तिला मोठा प्राणी लागतो. हरणाचे रक्त पिऊन मादी हजारो अंडी घालते. थोडक्यात, आजार उंदरात राहतो आणि गोचिडी हरणावर वाढतात.

हे नाते कोकणाला अनोळखी नाही. सिंधुदुर्गात २०१६पासून आढळलेला माकडतापही गोचिडींमुळेच होतो. तिथे गुरे विषाणू फारसा पसरवत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना रक्त पुरवतात.

निम्मी हरणे कमी करून भागत नाही

मग हरणे कमी केली, की आजार कमी होईल का? मेन राज्यातील मोन्हेगन बेटावर १९९६ ते १९९९ या काळात सर्व हरणे काढून टाकण्यात आली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या हरिण-गोचिडी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. कनेक्टिकटमधील ममफर्ड कोव्ह या वसाहतीत शिकारीद्वारे हरणांची घनता ८७ टक्क्यांनी कमी केली गेली. तिथल्या रहिवाशांनी सांगितलेले लाइमचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

न्यू जर्सीतील बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मात्र हरणे सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होऊनही गोचिडी कमी झाल्या नाहीत आणि रुग्णही. कारण समजण्यासारखे आहे. उरलेल्या हरणांच्या अंगावर जास्त गोचिडी चढतात आणि तेवढ्याच अंड्यांची सोय होते. पहिल्या दोन ठिकाणांपैकी एक बेट होते, तर दुसरी छोटी वसाहत. खुल्या उपनगरात शेजारच्या झाडीतून नवी हरणे येत राहतात. शिवाय माद्या अनेकदा जुळी पिल्ले देतात. म्हणूनच उत्तर व्हर्जिनियातील काही काउंट्यांत दुसरा शिंगवाला नर मारण्याआधी मादी मारावी लागते. भिंतीवर लावायला शिंगे मिळाली, तरी त्याने हरणांची संख्या घटत नाही.

याचा अर्थ शिकार निरुपयोगी आहे असा नाही. जंगलाची रोपे आणि रस्त्यावरचे अपघात यांना प्रत्येक कमी झालेल्या हरणाचा फायदा होऊ शकतो. आजाराच्या बाबतीत मात्र हरणांची संख्या खूप खाली आणून वर्षानुवर्षे तिथेच ठेवावी लागते. निम्म्यावर थांबलेली मोहीम गोचिडींना जाणवतही नाही.

ताटातले प्रश्न

शिकारीचे मांस बहुधा घरी खाल्ले जाते. व्हर्जिनियात १९९१पासून ‘हंटर्स फॉर द हंग्री’ या उपक्रमातून ते गरजूंनाही दिले जाते. बाणाने मारलेल्या मांसात शिशाचे कण राहत नाहीत, हा फायदाच. पण दोन गोष्टींची काळजी आहे.

पहिली, हरणांचा ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा रोग. विकृत प्रथिनांमुळे मेंदूला पोखरणारा हा रोग १९६७मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि २००९मध्ये व्हर्जिनियात पोहोचला. तो माणसाला झाल्याचे एकही उदाहरण नाही. तरीही ही प्रथिने शिजवून नष्ट होत नाहीत. त्यामुळे बाधित भागातले हरीण तपासून घ्यावे आणि रोग आढळल्यास मांस खाऊ नये, असा सरकारी सल्ला आहे.

दुसरी गोष्ट जरा विचित्र आहे. हरणांवर वाढणारी ‘लोन स्टार’ गोचीड चावल्यानंतर काही लोकांना सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी होते. हरीण, गाय, डुक्कर, बोकड यांपैकी काहीही खाल्ले, की दोन ते सहा तासांनी अंगावर पित्त उठते, पोटात कळा येतात, कधी जीवही धोक्यात येतो. मासे आणि कोंबडी चालते. शिकाऱ्यालाच आपली शिकार खाता येऊ नये, असे यात घडू शकते.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

व्हर्जिनिया, न्यू जर्सी, कनेक्टिकट या भागांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मे ते जुलै या काळात अनेक आईवडील मुलांकडे राहायला जातात आणि नेमके तेच खसखशीएवढ्या गोचिडींचे दिवस असतात. बागेत किंवा पायवाटेवर फिरताना पायघोळ विजार मोज्यात खोचावी. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करावी. काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे आणि केसांत बघावे. कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले, तर त्यांवरच्या गोचिडी मरतात. गोचीड चिकटलेली दिसली, तर चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. तेल किंवा काडीपेटी वापरू नये. लाइमचा जिवाणू शरीरात शिरायला बहुधा २४ तासांहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे त्याच दिवशी काढलेली गोचीड सहसा लाइम देत नाही.

चावल्यानंतर महिनाभरात ताप आला किंवा त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांकडे जावे. परत भारतात आल्यावर ताप आला, तर आपण कुठे राहिलो होतो हे आवर्जून सांगावे. इथल्या डॉक्टरांच्या मनात लाइम सहज येणार नाही. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बहुतेकांत बरा होतो.