लॉगबुकमधला ‘रिमेडियल’चा रकाना कोणासाठी?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये अभिनंदनाचे फलक लागतात. नरखेड तालुकाही त्याला अपवाद नाही. मोवाड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना अशा गावांतल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर नागपूरच्या मेडिकलला वा मेयोला लागला की विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात, भाषणे होतात. व्हायलाच हवीत! ज्यांच्या आजोबांना दवाखान्याच्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांची नात गळ्यात स्टेथोस्कोप घालणार असेल तर तो दिवस सणाचाच आहे. परंतु सत्काराचा हार सुकल्यावर त्या लेकराचे पुढे काय होते? पहिल्या वर्षी कुठल्या विषयात अडले, कोणी समजावून सांगितले की नाही, पुरवणी परीक्षेला बसावे लागले काय, याची विचारपूस महाविद्यालयात अभावानेच होते आणि समाजात तर जवळपास होतच नाही. आम्हाला आज नेमके याविषयी बोलायचे आहे.

देशातील एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ साली बदलला. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून ‘क्षमताधारित’ वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. तेव्हाची भारतीय वैद्यक परिषद गेली, सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पण हा अभ्यासक्रम काही फेरफारांसह कायम राहिला. त्यामागचा विचार साधा आहे. विद्यार्थ्याने किती तास व्याख्यान ऐकले आणि वर्षाअखेर किती पाने लिहिली, एवढ्यावर डॉक्टर ठरू नये. रक्तदाब मोजता येतो का, रुग्णाशी माणसासारखे बोलता येते का, टाका घालता येतो का, हे एकेका विद्यार्थ्याचे, एकेका कौशल्याचे तपासले जावे. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती लॉगबुक आले.

या लॉगबुकचा जो नमुना देण्यात आला तो आपल्या पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावा. प्रत्येक कौशल्यासमोर शिक्षकाने तीन गोष्टी नोंदवायच्या असतात. पहिली, हा विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न आहे, पुन्हा केलेला आहे की ‘रिमेडियल’ आहे. दुसरी, काम अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके की अपेक्षेपेक्षा सरस. आणि तिसरी, शिक्षकाचा निर्णय: पूर्ण झाले, पुन्हा करा, की रिमेडियलची गरज आहे. म्हणजे विद्यार्थी मागे पडला तर त्याला ‘ढ’ म्हणून सोडून देण्याची मुभा या पद्धतीत नाही. तो कुठे अडला हे शोधून त्याला पुन्हा शिकवणे हा शिकवण्याचाच भाग मानलेला आहे. अंतर्गत मूल्यमापनात जे कमी पडतात किंवा ज्यांच्या चाचण्या हुकतात, त्यांच्यासाठी उपाययोजनेचे धोरण महाविद्यालयांनी आखावे आणि विद्यापीठाने त्यांना त्याबाबत मार्गदर्शन करावे, असेही २०१९ च्या नियमांतच सांगितले गेले. आपल्या राज्यात हे विद्यापीठ म्हणजे नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या गुरुजींना हे नवे वाटणार नाही. शिक्षणशास्त्रात त्याला ‘निदानात्मक चाचणी’ आणि ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणतात. निदान आणि उपचार! शब्द वैद्यकाचेच आहेत. दवाखान्यात दहा रुग्ण आले तर डॉक्टर दहाही जणांना एकच गोळी देत नाही. प्रत्येकाची नाडी पाहतो, प्रत्येकाला वेगळे विचारतो. मग डॉक्टर घडवणाऱ्या वर्गातच दोनशे विद्यार्थ्यांना एकाच मात्रेत, एकाच भाषेत, एकाच वेगाने शिकवून जो टिकला तो हुशार आणि जो अडला तो ‘कोट्यातला’, असा निवाडा कसा काय होतो?

समजा, नरखेड तालुक्यातली एक मुलगी आहे. आई संत्र्याच्या बागेत रोजाने जाते. मुलगी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकली. अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीत आले, ते तिने पाठ करून पेलले. नीटचा पेपर मराठीतही देता येतो, त्यामुळे तिथवर ती पोहोचली. आता मेडिकलच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन डोंगर एकदम समोर उभे. सगळे इंग्रजीत. बाजूच्या बाकावर डॉक्टर बापाचा मुलगा आहे, ज्याने यातले अर्धे शब्द घरी जेवताना ऐकले आहेत. त्याला अडले तर घरात विचारायला माणूस आहे. हिला अडले तर? गावाकडे फोन केला तर आई एवढेच विचारणार, “बाई, जेवली का?” त्या आईच्या मायेला मोल नाही. पण उद्याच्या तोंडी परीक्षेत मेंदूच्या नसांची नावे तिला कोण सांगणार?

या दोघांत बुद्धीचा फरक नाही. फरक आहे तो पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या सोयींचा. तो फरक महाविद्यालयाने पहिल्या महिन्यात ओळखला तर सहा महिन्यांत भरून निघतो; नाही ओळखला तर तोच पुढे ‘गुणवत्ते’चा फरक म्हणून मिरवला जातो. आणि नियमांची टांगती तलवार आहेच. २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षे. पुरवणी परीक्षेतही अडले तर पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसायचे. मोजणी इतकी काटेकोर असेल तर मदतही तितकीच काटेकोर नको काय? २०१९ मध्ये सुरुवातीला एक महिन्याचा पायाभूत अभ्यासक्रम ठेवला होता. त्यात इंग्रजी, स्थानिक भाषा, संगणक अशा गोष्टी होत्या. पुढे त्याचा अवधी कमी झाला. ज्याला पायाची गरज नव्हती त्याचे काय बिघडले? बिघडले ते आपल्या लेकरांचे.

आम्ही हे भावनेच्या भरात लिहीत आहोत असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाच्या तक्रारी तपासण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २००६ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष होते आपल्या अमरावती जिल्ह्याचे, मिलिंद महाविद्यालयातून शिकून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले प्रा. सुखदेव थोरात. मे २००७ मध्ये अहवाल आला. समितीला उत्तरे देणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी सांगितले की शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही. ८४ टक्क्यांनी सांगितले की तोंडी परीक्षेत वा मूल्यमापनाच्या वेळी त्यांची जात थेट किंवा आडून विचारली गेली. समितीने इंग्रजी आणि मूलभूत विषयांच्या पूरक शिकवणीची शिफारस केली. जो शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखत नाही तो आडनावाने मात्र ओळखतो, हा त्या आकडेवारीचा अर्थ!

शिफारशी कागदावर राहिल्या की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते? मार्च २०१२ मध्ये याच एम्समध्ये अनिल मीणा हा राजस्थानातील आदिवासी शेतकरी कुटुंबातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपल्या वसतिगृहातील खोलीत जीव देऊन गेला. हिंदी माध्यमातून शिकून प्रवेश परीक्षेत चमकलेल्या या मुलाला इंग्रजीतले शिक्षण झेपत नव्हते, असे त्याच्या मित्रांनी तेव्हा सांगितले. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावची ही आदिवासी लेक मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाला, असा आरोप तिच्या आईने केला आणि तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. दोन्ही घटना वेगळ्या आहेत, त्यांची कारणे एका ओळीत सांगता येणार नाहीत. पण शिकणाऱ्याचे काय चालले आहे याकडे रोज पाहणारा, त्याचे ऐकणारा एक जबाबदार शिक्षक नेमलेला असावा, ही गरज दोन्हींतून ओरडून पुढे येते.

मागे राहिलेल्याला पुढे आणण्याचे प्रयोग जगात झालेले आहेत आणि यशस्वीही झाले आहेत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडले की पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर बहुतेक सर्व विद्यार्थी विषयावर प्रभुत्व मिळवू शकतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ मध्ये शहरातील सामान्य सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी वाढीव मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. प्रवेशाला गुण कमी चालतील, सुरुवातीचा अभ्यास जास्त वेळ घेऊन करता येईल, वेगळे मार्गदर्शन मिळेल. परीक्षा मात्र सर्वांना तीच! कॅलिफोर्नियातील डेव्हिस वैद्यकीय महाविद्यालयाने तर वीस वर्षांतल्या प्रवेशांचा हिशेबच मांडला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विशेष विचाराने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी ९४ टक्के पदवीधर झाले आणि पुढच्या रुग्णालयीन प्रशिक्षणातही ते इतरांच्या बरोबरीने टिकले, असे दिसले. ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून छाती पिटणाऱ्यांनी यावर बोलावे.

आणि आपल्याला परदेशाचे दाखले तरी कशाला? शालेय वयातील भीमरावाला बागेत वाचत बसलेले पाहून जवळ बोलावणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी आठवा. त्यांनी त्या मुलाला पुस्तके दिली, बुद्धचरित्र हाती ठेवले, पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शब्द टाकला. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याकडे लक्ष दिले, त्यातून काय घडले ते सारे जग जाणते. बाबासाहेबांनीही हे मनात धरले होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी बजावले होते की केवळ परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच करणाऱ्या विद्यापीठाला आपल्या अस्तित्वाचे समर्थन करता येणार नाही. उच्च शिक्षण गरजूंच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे काम आहे. जवळपास शंभर वर्षे होत आली. आपली वैद्यकीय महाविद्यालये या कसोटीला उतरतात काय?

एक विसंगती तर डोळ्यांत भरणारी आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, त्यांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी, असा कार्यक्रम आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर विद्यार्थ्यांना गाव आणि कुटुंबे नेमून देण्याची प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. कार्यक्रम चांगला आहे, आमचा त्याला पाठिंबाच आहे. पण जो विद्यार्थी घरोघरी जाऊन एकेका माणसाचे वजन, रक्तदाब आणि अडचणी लिहून घेतो, त्याच्या स्वतःच्या अडचणी कोण लिहून घेतो? त्या विद्यार्थ्याला कोणी दत्तक घेतले आहे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिल्या सहामाहीतच प्रत्येक विद्यार्थ्याची निदानात्मक चाचणी व्हावी आणि अडलेल्यांना नेमका विषय धरून, नेमके तास ठरवून शिकवले जावे. लॉगबुकमध्ये ‘पुन्हा’ वा ‘रिमेडियल’ असा शेरा मारणाऱ्या शिक्षकाने ते उपचारात्मक अध्यापन कधी आणि कोणी केले, याचीही नोंद करावी. हे वर्ग सर्वांना खुले असावेत. जातीची पाटी लावून आपल्या मुलांना वेगळे बसवणे म्हणजे जुनी पंगतच नव्या रूपात मांडणे होय. मेंटॉर म्हणून नेमलेल्या शिक्षकाने महिन्यातून एकदा तरी विद्यार्थ्याला भेटावे. तोंडी परीक्षेत आडनाव, गाव, प्रवेशाचा प्रवर्ग विचारण्याला सक्त मनाई असावी. आणि कोणत्या विषयात किती विद्यार्थी मागे पडले, त्यांपैकी किती पुढे आले, याचे आकडे कोणाचेही नाव न घेता महाविद्यालयांनी दरवर्षी जाहीर करावेत.

परंतु सगळा भार व्यवस्थेवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. नागपुरात आपल्या समाजाचे शेकडो डॉक्टर आज नोकरीत आणि स्वतःच्या दवाखान्यात आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने पहिल्या वर्षाचा एकच विद्यार्थी धरावा. पैसे द्यायची गरज नाही. रविवारी एक तास द्यावा, जुनी पुस्तके द्यावीत, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन उचलावा. नरखेड, काटोल, सावनेर, प्रत्येक तालुक्यातील विहाराने आपल्या गावाहून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी आणि सत्काराइतकीच आस्था त्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाबद्दलही दाखवावी. मुलांनीही अडले तर लाजू नये. रिमेडियल मागणे ही भीक नाही. लॉगबुकमध्ये छापलेला तो आपला हक्क आहे.

नरखेड तालुक्यात फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर, रात्री साप चावलेला शेतकरी, बाळंतपणात अडलेली बाई ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दूर नागपूरच्या वाटेवर तळमळत असते. तिथे टिकून राहणारा, तिथल्या माणसाची बोली समजणारा डॉक्टर हवा असेल तर तो याच गावांतून घडण्याची शक्यता अधिक. असे एक लेकरू पहिल्या वर्षात कोणी न समजावल्यामुळे गळते, तेव्हा एका घराचे स्वप्न तर मोडतेच. पण त्या तालुक्यातील हजारो रुग्णांचा डॉक्टरही हिरावला जातो. पुढच्या वर्षी सत्काराचा हार घालताना त्या विद्यार्थ्याच्या हाती एक फोन नंबरही द्या, आणि तो नंबर लागल्यावर उत्तर देणारा माणूस आपल्यातलाच असू द्या.