थंडीचे नव्हे, पावसाचे कंद

हिवाळ्याची चाहूल लागली की ऑनलाइन दुकानांत ट्युलिप, डॅफोडिल आणि हायसिंथच्या कंदांच्या जाहिराती झळकू लागतात. हौसेने मागवलेले हे कंद अहिल्यानगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या गच्चीवर लावले, की बहुतेक वेळा चार पाने येतात, कधी एखादी खुरटी कळी दिसते आणि पुढच्या वर्षी कुंडी रिकामीच राहते. लावणाऱ्याला वाटते, आपल्या हाताला गुण नाही. खरे कारण हवामानात आहे.

कंद म्हणजे झाडाची शिदोरी. कांदा उभा कापला तर त्यात अन्न साठवलेले जाड पापुद्रे आणि मधोमध कोंब दिसतो. वाईट ऋतू जमिनीखाली काढायचा आणि योग्य खूण मिळाली की फुलायचे, अशी ही रचना आहे. ट्युलिपसाठी ती खूण म्हणजे दीर्घ थंडी. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खाली राहिल्याशिवाय त्याचा दांडा नीट वाढत नाही. श्रीनगरच्या ट्युलिप उद्यानात ही थंडी आपोआप मिळते. नगरमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री गारठतात, पण दुपारी ऊन तापतेच.

थंडीचा हा परिणाम जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांना चांगला ठाऊक आहे. रोप मोठे झाल्यावर थंडी लांबली की कांद्याला डेंगळे येतात, म्हणजे तो पोसण्याऐवजी फुलावर येतो. बीजोत्पादन करणारा शेतकरी मात्र याच गुणाचा फायदा घेतो. तो हिवाळ्याच्या तोंडावर मातृकंद लावतो आणि थंडीनंतर आलेल्या गोंड्यांतून बी धरतो.

उन्हाळा सोसून फुलणारे

दख्खनच्या माळरानावरच्या कंदांना कडक ऋतू म्हणजे उन्हाळा आणि खूण म्हणजे पाऊस. काही तर पावसाचीही वाट पाहत नाहीत. कोळकांदा म्हणजेच रानकांदा ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, उंच दांड्यावर फुलतो. पाने येतात ती पावसाळ्यात. घरच्या बागेसाठीही असेच कंद निवडावेत. यातले अनेक मूळचे अमेरिका किंवा आफ्रिकेतले आहेत, पण कोरडा काळ आणि मग पाऊस हे चक्र त्यांना मानवते.

अमरिलिस नावाने रोपवाटिकेत मिळणारी मोठी लाल लिली मार्च ते मे दरम्यान फुलते. तिचा कंद लावताना वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. लाल चेंडूसारखे फूल देणारी मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली मे-जूनमध्ये येते. तिच्या कंदाची मान मातीच्या पातळीला असावी. रेन लिलीचे लहान कंद ३ ते ५ सेंटीमीटर खोल, आठ-दहा एकत्र लावावेत. कोरड्या दिवसांनंतर चांगला पाऊस झाला की काही दिवसांतच ती फुलते. निशिगंध म्हणजे गुलछडी एप्रिल-मेमध्ये ५ ते ७ सेंटीमीटर खोल आणि २० ते ३० सेंटीमीटर अंतरावर लावावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निशिगंधाचा ‘फुले रजनी’ हा वाण दिला आहे.

पाणी कधी तोडायचे?

कंद उन्हापेक्षा पाण्याने जास्त मरतात. काळ्या मातीत पाणी साचले की कंदाची हवा कोंडते आणि तो सडतो. म्हणून कुंडीत माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्यावी, तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत. जमिनीत लावायचे असल्यास गादीवाफा करावा.

फुले सुकल्यावर दांडा कापावा, पाने मात्र कापू नयेत. पुढच्या वर्षीचे फूल याच पानांनी बनवलेल्या अन्नावर येते. या काळात पाणी द्यावे आणि महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत घालावे. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या लिलीची पाने रातोरात फस्त करतात. मोजक्या कुंड्या असतील तर त्या वेचून काढणे पुरेसे आहे.

मे फ्लॉवरची पाने हिवाळ्याच्या सुरुवातीला पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावे आणि कुंडी सावलीत ठेवावी. अमरिलिसलाही हिवाळ्यात सहा ते आठ आठवडे जवळपास कोरडे ठेवले की फूल चांगले येते. काढलेले कंद कांदाचाळीत कांदा ठेवतात तसे सावलीत, हवेशीर जागी पसरावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून कुजतात.

ट्युलिपची हौस असेलच, तर कंद कागदी पिशवीत घालून १२ ते १४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. तेही फळांपासून दूर, कारण सफरचंदासारख्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. डिसेंबरअखेर लावलेले हे कंद एकदा फुलले तरी पुढच्या वर्षी पुन्हा फुलण्याची आशा धरू नये.

कांदा समजून खाऊ नये

फ्रिजमधली पिशवी हा आरोग्याचाही प्रश्न आहे. अमरिलिस, डॅफोडिल, रेन लिली आणि मे फ्लॉवरच्या कंदांत विषारी अल्कलॉइड असतात. त्यांनी मळमळ, उलट्या आणि जुलाब होतात. शिजवल्याने हा धोका टळेल असे समजू नये. डॅफोडिलचे कंद लोकांनी कांदा समजून खाल्ल्यामुळे २०१५ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने सुपरमार्केटना ही फुले आणि कंद भाजीपाल्यापासून लांब ठेवण्यास सांगितले होते.

कोळकांदा आणि कळलावी त्याहून घातक आहेत. कोळकांद्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. गाऊट या सांधेदुखीवर ते औषध म्हणून अगदी अल्प मात्रेत दिले जाते, पण जास्त मात्रा जीवघेणी ठरते. म्हणून रानातून आणलेला कंद घरगुती औषध म्हणून कधीही घेऊ नये.

कुणी चुकून कंद खाल्लाच, तर मुद्दाम उलटी काढायचा प्रयत्न न करता लगेच रुग्णालय गाठावे आणि उरलेला तुकडा किंवा पान सोबत न्यावे. कंद हाताळल्यावर हात धुवावेत. साठवलेल्या प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव आणि ‘खाऊ नये’ असे लिहावे. पिशवी कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ ठेवू नये आणि लहान मुले व पाळीव कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी उंचावर ठेवावी.