सफरचंदाची गोडी बागेतच ठरते

"साहेब, अर्धा एकर ऊस मोडून सफरचंद लावू का?" गट ऑफिसात एका सभासदाने आम्हाला विचारले. हिमाचलातील कोटगड भागातल्या बागा पाहून आल्यापासून हा प्रश्न आम्हाला नवा नाही.

कोटगडला १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स यांनी 'डिलिशस' सफरचंदाची कलमे लावली. या जातीला हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी हजार-बाराशे तास लागते, त्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. आपल्याकडे एवढी थंडी कुठली!

उसाचा ब्रिक्स पाहायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर आम्ही बरोबर नेला होता. एकाच झाडाचे शेंड्याकडचे उन्हातले फळ आणि आतल्या सावलीतले फळ तपासले, तर जवळजवळ दोन अंशांचा फरक! सावलीतले फळ रंगालाही फिके. म्हणून तिथले बागाईतदार छाटणी करून झाड आतून मोकळे ठेवतात. एका फळामागे ३०-४० पाने हवीत या हिशेबाने झुबक्यातली जादा फळे लहान असतानाच काढून टाकतात. आपल्यापैकी कितीजणांचा हात धजेल, शंकाच आहे. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा मिळाला की लाली चढते. आपल्या उसातही साखर भरते ती थंडीतच.

पण खरी मेख नत्रात आहे. युरिया जादा झालेल्या झाडाची फळे मोठी दिसतात, पण फिकी आणि मऊ. झाड पालाच फेकत राहते, फळाला कॅल्शियम पुरत नाही. मग सालीखाली तपकिरी, कडू खड्डे पडतात. पुष्कळदा ते दिसतात माल साठवणीत गेल्यावर! मोठी बांधणी झाल्यावरही युरिया फेकणारे आपले काही सभासद आम्हाला तिथे आठवले. वजन काट्यावर दिसते, पण रसातली साखर घटते. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे एकाच्या युरियाचा भुर्दंड शेजाऱ्यालाही.

आता 'अ‍ॅना', 'एचआरएमएन-९९' अशा कमी थंडीच्या जाती निघाल्या आहेत. फळ धरते, खोटे नाही. पण ते तयार होते जूनच्या सुमारास. तेव्हा आपल्या रात्री उकाड्याच्या, रंग कसा चढावा?

आम्ही त्या सभासदाला म्हणालो, "ऊस मोडू नका. विहिरीजवळ दहा झाडे लावून बघा. फळ आले की घेऊन या, ब्रिक्स काढू."

"आणि युरिया किती टाकू?"

"आधी मातीपरीक्षणाचा कागद आणा."